म्हणे, नाट्याच्या मुलीला बोट लागते!

दिवाळी होऊन चार दिवस झाले नसतील, तोच दाभोळहून हौसामामीचा फोन आला आणि दीपालीचा घावणा तव्यावर करपला.

"काय गो दीपाली, तुला बोट लागते म्हणे? आधी बोलायचंस तरी! आल्याचा तुकडा दाढेखाली धरायचा नि यायचं. त्यासाठी कोण घरी बसतं?"

"मला बोट लागते? कोण म्हणालं?"

"नमूच म्हणाली की. सगळी बसलो होतो, तेव्हा. वहिनीला बोट लागते म्हणून ती रत्नागिरीलाच राहिली, म्हणाली."

आता ही दीपाली कुठली, ते ऐका म्हणजे तिच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळेल. राजापूर तालुक्यातलं नाटे तिचं माहेर. बापाची मासेमारीची होडी, आजोबांची होडी, काकांच्या होड्या. पोरगी चालायला शिकली ती होडीच्या काठाला धरून. आणि तिला म्हणे बोट लागते! हे म्हणजे कोंबडीला दाणे टिपता येत नाहीत असं सांगण्यापैकी झालं. बरं, सांगितलं कुणी, तर नम्रतानं. तिची नणंद, राहणार ठाणे, जिला पाण्याच्या टाकीत डोकावलं तरी गरगरतं.

खरी गोष्ट निराळीच होती. दिवाळीत नम्रता आणि तिचा नवरा रितेश नवी गाडी घेऊन रत्नागिरीला आली होती. सासूबाईंना, म्हणजे गंगूबाईंना, दाभोळला त्यांच्या माहेरी भावाकडे, केरूमामा-हौसामामीकडे, न्यायचं होतं. नम्रतानं बरोबर ठाण्याच्या दोन मैत्रिणी आणल्या होत्या, कोकण बघायला. गाडी भरली. दीपाली नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून दारात उभी. नम्रता म्हणाली, "वहिनी, जागाच नाही बघ. आणि टॉमीला कुणीतरी बघायला हवं ना? तू आहेस म्हणून बरं." मग ती साडी नेसलेली बाई दोन दिवस त्या केसाळ कुत्र्याला दही-भात भरवत बसली. नवरा, विनीत, जहाजावर. त्याला सांगून उपयोग काय? तो लांब समुद्रातून म्हणणार, जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नको.

कुत्रा सांभाळला, तेही दीपालीनं गिळलं असतं. पण बोट लागते? आणि ती थाप मारली जात असताना सासूबाई तिथेच बसलेल्या, आणि त्या चकार शब्द बोलल्या नाहीत! ज्या सासूचे गुडघे दीपाली रोज रात्री तेल लावून चोळते, त्या सासूनं खाली मान घालून चहा प्यायला. दीपालीनं करपलेला घावणा उलथन्यानं खरवडून काढला आणि मनाशी पक्कं केलं. ह्याचा वचपा काढायचा. आणि काढायचा तो बोटीतूनच.

बेत असा होता. शिमग्याला गंगूबाईंच्या माहेरी देवीची पालखी घरोघर येते. गंगूबाईंनी कितीतरी वर्षांत ती पाहिली नव्हती. दरवर्षी शिमगा आला की डोळ्यांना पदर लावायच्या. त्या वाडीत एक रीत आहे. माहेरवाशीण पालखीला आली, की तिला जो घेऊन आला त्यानं नारळ गावकराच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्याच्या, हातात द्यायचा आणि देवीला काय सांगायचं ते सांगायचं. मग गावकर सगळ्या वाडीपुढे मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, देवीकडे मागणं मागतो. तो नारळ आपण द्यायचा, सासूबाईंनी चारचौघांत म्हणायचं की मला सुनेनं आणलं, आणि नम्रताचं तोंड बंद व्हायचं. एवढंच हवं होतं दीपालीला. एकदाच, पण सगळ्यांसमोर.

गाडी नाही, तर नाही! दीपाली कामाला लागली. रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचार विचार विचारलं. सकाळच्या एसटीनं जयगड. तिथून बोटीनं खाडी ओलांडून तवसाळ. तवसाळहून एसटीनं गुहागर, गुहागरहून धोपावे, आणि धोपाव्याहून पुन्हा बोटीत बसलं की समोर दाभोळ. सासूबाईंची पंचाहत्तरी उलटलेली, त्यांना एसटी फुकट. बायकांना अर्धं तिकीट. बोटीत माणसाला लागतं ते चिल्लर. राहणं मामांकडे, खाणं डब्यातलं. कुळथाचं पीठ आणि आंबोशी विकून तिनं जे गाठीला बांधलं होतं त्यात हे सगळं बसत होतं, आणि देवीच्या ओटीसाठी चांगला खणही. विनीतकडे मागायला नको, नम्रतासमोर तर नकोच नको.

सासूबाई पोरीसारख्या हरखल्या. "मी तुझ्याबरोबरच येईन गो. ह्या जन्मात पालखी दिसेल असं वाटलं नव्हतं." रोज एकदा पिशवी भरायच्या, रोज एकदा रिकामी करायच्या. आणि पोटात काही ठेवतील तर शपथ! एक दिवस लेकीच्या फोनवर सगळं सांगून बसल्या.

झालं. शिमग्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी दारात हॉर्न वाजला. नम्रता, रितेश आणि टॉमी.

"आई, एसटीनं जाणार तू? ह्या वयात? लोक काय म्हणतील, लेकीकडे गाडी असताना!" नम्रता चपला काढायच्या आधीच सुरू झाली. "आम्ही नेतो ना. सागरी मार्गानं जाऊ, मस्त फोटो निघतात. वहिनी, तू टेन्शन घेऊ नको हं."

दीपालीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी गुडघ्याकडे पाहिलं.

"एसटीत धक्के फार बसतात गो," त्या हळूच म्हणाल्या.

सकाळी गंगूबाई नवं लुगडं नेसून गाडीत पुढच्या सीटवर बसायच्या तयारीत, नम्रता अजून आरशासमोर, रितेश अंघोळीला आणि मागच्या सीटवर पाय पसरून टॉमी. दीपालीनं कुणाशी वाद घातला नाही. पिशवी उचलली, डबा घेतला, खण, नारळ घेतला आणि स्टँडची वाट धरली.

"तू कुठं चाललीस?" नम्रतानं लिपस्टिक हातात धरून विचारलं.

"पालखीला."

"एकटी? बोटीतून?"

"लागली तर ओकेन," दीपाली म्हणाली आणि मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

एकटीनं जाऊन करणार काय होती, तिलाही ठाऊक नव्हतं. माहेरवाशीण गाडीत, ही नारळ कुणाच्या नावाचा देणार? पण संतापलेल्या माणसाला घरात बसवत नाही. जयगडची एसटी अर्धी रिकामी होती. जयगडला बोट लागलेली. दीपाली कठड्याला टेकून उभी राहिली, खारा वारा तोंडावर घेतला, डबा उघडून उभ्या उभ्या दोन घावणे खाल्ले. काही लागलं नाही की मळमळलं नाही. कुणीतरी हा फोटो काढून ठाण्याला पाठवायला हवा होता, एवढंच तिला वाटत राहिलं.

तवसाळला एसटीची वाट बघत ती आंब्याखाली बसलेली असताना मागच्या बोटीतून गाड्या उतरल्या. त्यांत ती पांढरी गाडी होतीच. गाडी तिच्यापाशी येऊन हळू झाली, काच खाली आली.

"वहिनी, अगं अजून इथंच? जागा असती तर घेतलं असतं गं! मागं टॉमी आहे ना, त्याला दुसऱ्या माणसाजवळ बसवत नाही."

गंगूबाई पुढच्या सीटवर. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि मग समोरच्या काचेवरचा गणपती निरखायला लागल्या. काच वर गेली, गाडी गेली. दीपालीच्या तोंडात धूळ आणि पोटात आग. माणसाला बसवायला जागा नाही, आणि कुत्र्याला लोळायला आहे! आणि ही म्हातारी! रोज रात्री गुडघे पुढे करते ती म्हातारी!

एसटी आली तेव्हा दीपाली खिडकीशी बसून दात आवळत होती. तिनं ठरवून टाकलं होतं, आता ह्या दोघींचं काहीही होवो. गुहागरला बस बदलली. धोपाव्याची गाडी माणसांनी गच्च भरलेली, सगळे शिमग्याचे चाकरमानी. खाडीकडच्या उतारावर गाडी थांबली ती हलेचना. कंडक्टर दारात उभा राहून बघून आला.

"उतरा, उतरा सगळे. मुंबईच्या गाड्यांची रांग लागलीय वरपर्यंत. आता चालतच जायचं. चालणाऱ्याला काय अडचण नाय, बोटीत सरळ आत."

दीपाली उतरली. आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. बोटीत गाड्या मावून मावून किती मावणार? शिमग्याला ठाणे, पनवेल, बोरिवली, सगळी दाभोळकडे लोटलेली, आणि प्रत्येकाला गावात गाडी मिरवायची हौस. गाडीमागे गाडी चिकटलेली. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. एवढी साधी गोष्ट स्टँडवरच्या कुठल्याही कंडक्टरनं सांगितली असती. पण रितेशराव विचारणार मोबाइलमधल्या नकाशाला!

उताराच्या मधोमध पांढरी गाडी उभी होती. रितेश दार उघडून पुढच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होता. टॉमी भुंकून भुंकून खिडकी चाटत होता. नम्रताची लिपस्टिक हनुवटीपर्यंत आलेली. आणि पुढच्या सीटवर गंगूबाई, हातातल्या मोबाइलवर रडवेल्या आवाजात बोलत होत्या, "हौसा, पालखी कुठवर आली? शेजारच्या वाडीत? अगो थांबवून ठेव ना..."

दीपाली गाडीच्या बाजूनं सरळ पुढे गेली. हो, गेली! पाहिलं आणि गेली. तवसाळच्या धुळीचा हिशेब चुकता झाला, असंच तिला वाटलं आणि बरं वाटलं.

"दीपाले! गो दीपाले!" मागून हाक आली. दीपालीला काही ऐकू आलं नाही. "दीपाली, बाय माझी!" तरीही नाही. खाली जेटीवर बोट लागली होती, तिचं लोखंडी तोंड धक्क्यावर टेकलं होतं, माणसं आत चालली होती. म्हातारीला पालखी चुकली की जन्मभर बोचणार. बोचू दे.

आणि मग ती थांबली. दया आली म्हणून नव्हे. दयेचा त्या क्षणी तिच्या अंगात टिपूस नव्हता. तिच्या डोक्यात एवढंच आलं, की म्हातारी पोचली नाही तर सगळे म्हणतील, बिचारी नमू, किती धडपडली आईसाठी, रांगेनं घात केला. आणि म्हातारी पोचली, माझ्याबरोबर पोचली, तर? तर नमू ह्या उतारावर, आणि नारळ माझ्या हातात! दीपाली गर्रकन वळली.

तिनं गाडीचं दार उघडलं. "आई, उतरा. बोट सुटेल."

"गो, पण गुडघे..."

"उतारच आहे. माझ्या खांद्यावर भार टाका."

"मीही येते!" नम्रता मागच्या दारातून एक पाय बाहेर काढत म्हणाली. तोच रितेश ओरडला, "तू कुठं निघालीस? मी गाडी पुढं घेऊ की ह्या कुत्र्याला धरू? बस आत!"

दीपालीला एक शब्दही बोलावा लागला नाही. नम्रताचा पाय आत गेला, दार लागलं. टॉमी तिच्या मांडीवर चढून रेशमी साडी ओरबाडायला लागला. दीपालीनं ते डोळे भरून पाहून घेतलं.

बोटीत सासू-सून बाकावर बसल्या. बोट धक्का सोडून निघाली, मागं उतारावरच्या गाड्या उन्हात तळत राहिल्या.

"आई, मला बोट लागते?" दीपालीनं विचारलं.

गंगूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नमू बोलली ते मला आवडलं नाय. पण लेकीला चारचौघांत खोटी कशी पाडू?"

"आणि सुनेला पाडलंत ते?"

"चुकलं गो."

"चुकलं ते इथं बोटीत नको. तिथं बोला. मला दुसरं काही नको. मामांच्या घरापुढच्या खळ्यात, सगळ्यांसमोर म्हणा, की मला दीपालीनं आणलं."

"म्हणेन. देवीची शपथ, म्हणेन."

दाभोळच्या धक्क्यावरून रिक्षा, आणि रिक्षा थांबली तिथून चढण. दीपालीनं सासूला जवळजवळ उचलूनच वर नेलं. ढोलाचा आवाज शेजारच्या वाडीतून येत होता. केरूमामांच्या खळ्यात रांगोळी, पोराबाळांची गर्दी, सगळी भावकी गोळा झालेली. हौसामामी धावत पुढं आली आणि नणंदेच्या गळ्यात पडली.

"आक्का, आलीस गो बाय! म्हटलं चुकते का पालखी! नमूनं आणलं ना? कुठाय ती?"

सगळ्या बायका बघत होत्या. दीपाली सासूला धरून उभी होती, दम लागलेला, साडीचा काठ धुळीनं माखलेला. गंगूबाईंनी भाच्यांकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडातून आलं, "व्हय तर. नमूनंच आणलं, नव्या गाडीतनं. गाडी जरा पलीकडं राहिली हाय. येतेच मागनं."

"पोरगी गुणाची हो!" कुणीतरी म्हणालं.

दीपालीचा हात सासूच्या दंडावरून सुटला. देवीची शपथ घेऊन खाडी ओलांडली त्याला धड तासही झाला नव्हता, आणि ही बाई! लेकीच्या गाडीचा रुबाब सोडवेना तिला. दीपालीला रडू आलं नाही. तिनं पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल. त्या वाडीत पालखी दारात टेकवत नाहीत. भोई ती खांद्यावर घेऊनच उभे राहतात, आणि गाऱ्हाणं संपल्याशिवाय हलत नाहीत. बायकांनी ओट्या भरल्या. गंगूबाईंनी खण वाहिला आणि रडल्या. लवू गावकर पुढं झाला. भरदार माणूस, खाडीपलीकडं ऐकू जाईल असा आवाज.

"माहेरवाशिणीला कोण घेऊन आला? नारळ द्या."

"नमू अजून यायचीय," केरूमामा म्हणाले. "तिच्या वतीनं मीच..."

"मी आणलं," दीपाली पुढं येऊन म्हणाली. नारळ गावकराच्या हातात ठेवला. "मी सून. नाट्याची. काय सांगायचं ते सांगते." आणि तिनं सांगितलं, स्वच्छ, न अडखळता. ऐकता ऐकता गावकराची मिशी हलायला लागली. पण गाऱ्हाणं घालणं त्याचं काम, आणि ते काम त्याला मनापासून आवडायचं. त्यानं नारळ कपाळाला लावला.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"तुझी माहेरवाशीण गंगू आज तुझ्या पायाशी आली हाय. तिला तिच्या सुनेनं, नाट्याच्या दीपालीनं, बोटीतनं खाडी ओलांडून, हाताला धरून, चढण चढवून आणली हाय. तिची ही सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची लेक नमू, जावई रितेश आणि त्यांचा कुत्रा टॉमी धोपाव्याच्या रांगेत गाडीत अडकून पडली हायत. लेकरं उन्हात तापली हायत. त्यांना तिघांना सुखरूप ह्या तीराला आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं हसायला लागली, बायकांनी पदर तोंडाला लावले. हौसामामी डोळे मोठे करून गंगूबाईंकडे बघत राहिली.

"आणि नाट्याच्या मुलीला बोट लागते, असं जे कोण बोललं असंल, आणि जे कोण ते ऐकून गप बसलं असंल, त्यांना माफ कर, त्यांच्या जिभेला खरं बोलायची ताकद दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज खाली बसला. गावकरानं नारळ खाली घेतला नाही. तो गंगूबाईंकडे वळला.

"आक्का, तू बोलली नायस. माहेरवाशीण बोलल्याबिगर गाऱ्हाणं पुरं होत नाय."

भोयांच्या खांद्यावर पालखी, मानेवरून घाम निथळतोय. केरूमामा बहिणीकडे बघतायत. गंगूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, की गो, सोड, मी म्हातारी हाय. दीपालीनं नजर हलवली नाही. एका भोयानं खांदा बदलला.

"आक्का, पालखी उभी हाय."

"व्हय म्हाराजा," गंगूबाई पुटपुटल्या.

"मोठ्यानं, आक्का. देवीला ऐकू जाऊ दे."

"व्हय म्हाराजा!" गंगूबाई ओरडल्या आणि त्यांचा बांध फुटला. "सुनेनंच आणलं! बोट लागत नाय हो तिला! मीच गप बसले!"

ढोल वाजला, पालखी हलली, गुलाल उधळला गेला. गर्दी पालखीमागं सरकली. खळ्यात दोघीच राहिल्या. गंगूबाईंनी डोळे पुसले आणि नाक ओढत विचारलं, "थंड झालं काळीज?"

"झालं," दीपाली म्हणाली, आणि सासूबाईंना उन्हातून उठवून पडवीत नेलं.